एकोणचाळीस पायडलं

खट्ट आवाज झाला आणि हेमांगीची सायकल जागच्या जागी रुतली.

मागचं चाक कुणी चिमट्यात धरावं तसं धरलं गेलं होतं. बरं, वेग नव्हता. आणि बरं, सहा महिन्यांची इवली झोळीत छातीशी घट्ट बांधलेली होती. हेमांगीनं पाय टेकला, दोन्ही हात लेकीभोवती घातले आणि मगच हॅन्डलकडे पाहिलं. तिथली बारकीशी चकती लालभडक झाली होती. ‘अनोळखी स्वार. थांबा.’

तिला हसूच आलं. सोनबर्डी तंत्रविद्यापीठाच्या सातशे एकरांच्या आवारात सहा हजार सायकली होत्या आणि सहा हजारांत हे कुलूप होतं. ते बनवणारी बाई ती स्वतः. आणि तिच्याच सायकलीनं आज तिला चोर ठरवलं होतं!

“काय झालं जी मॅडम?” स्टॅन्डच्या टिनाखालून श्रावण ढोके लगबगीनं आले. सायकल स्टॅन्डची राखण करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते. “आठ महिन्यानं आल्या, अन् पयल्याच दिवशी सायकल रुसली?”

“रुसली नाही काका. विसरली मला.”

“विसरीनच ना! तुमी बाळंतपणाले माहेरी, अन् हे बिचारी इथं एकटी.” ढोक्यांनी झोळीत डोकावून पाहिलं. “अबब! हे पाहा, हसून राहिली माय माही. हिले लायसन हाये का सायकलचं?”

दहा मिनिटांनी कुलूप आपोआप सुटलं. तोवर ढोक्यांनी त्यांच्या वहीत नोंद केली. तसा नियमच होता. ओळखपत्र पाहिलं, मालक खरा आहे, सही. “एक झाली,” ते म्हणाले. “तीन झाल्या का कमिटीपुढं जा लागते. तुमचाच नियम हाये म्हणा.”

“माझाच आहे,” हेमांगी म्हणाली आणि उरलेली वाट तिनं सायकल हातात धरून चालत काढली. दोनशे पावलांवर तिचा डावा पाय भरून आला. आठ महिन्यांत अंगाला सवय राहिली नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं.

या कुलपाचं नाव पायठसा. त्यामागचं तत्त्व एखाद्या शाळकरी मुलालाही कळेल असं होतं. माणूस पायडल फिरवतो तेव्हा जोर सगळीकडे सारखा लागत नाही. पायडल पुढं, घड्याळात तीन वाजतात त्या जागी आलं की जोर भरतो. तळाशी गेलं की ओसरतो. मग दुसरा पाय काम हाती घेतो. या चढउताराची रेघ काढली तर ती उंटाच्या पाठीसारखी दिसते, दोन उंचवट्यांची. एक उजव्या पायाचा, एक डाव्याचा. कुणाचा उंचवटा टोकदार, कुणाचा पसरट. कुणी लहानपणी चिंचेवरून पडलेला असतो, कुणाची टाच आत वळते, कुणाला जन्मजात घाई असते. ते सगळं त्या रेघेत उतरतं. दोन्ही पायडलांना जोडणाऱ्या आसाला प्रत्येक फेऱ्यात केसाएवढा पीळ पडतो. तो मोजणारी पट्टी हेमांगीनं आसाच्या पोटातच बसवली. लागणारी वीज चाकाच्या फिरण्यातूनच मिळायची. रेघ परकी दिसली की मागच्या चाकातली खुंटी आत शिरायची, खट्ट.

एका फेऱ्यावरून माणूस कळत नाही. खड्डा असतो, चढ असतो, समोरचा वारा असतो. चाळीस फेऱ्यांची सरासरी काढली की मात्र तो स्वच्छ दिसतो. म्हणून सायकल चाळीस मोजायची आणि मग निकाल द्यायची. ओळखीच्या मालकाला ती रोज नव्यानं थोडं थोडं शिकत राहायची. माणूस म्हातारा होतो, जाड होतो, चप्पल बदलतो. रोजचा एवढासा फरक ती माफ करायची आणि नवी रेघ जुनीत मिसळून घ्यायची. चोर म्हणजे अचानक आलेला मोठा फरक, आणि त्याला माफी नव्हती.

एक अडचण होती सोनबर्डीच्या रीतीची. इथं ओळखीचं कुणी पायी जाताना दिसलं की पाय टेकायचा, ख्यालीखुशाली विचारायची आणि डबलसीट बसवूनच पुढं निघायचं. एकट्यानं पुढं निघून गेलेला माणूस इथं शिष्ट ठरायचा. पण मागं वजन बसलं की मोजणीच्या मध्येच रेघ बदलायची आणि कुलूप उगाच लागायचं. त्यावर हेमांगीनं तोड काढली. सायकल अर्धा मिनिट थांबली की आधीची मोजणी पुसायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. आपल्या माणसांच्या सवयी ओळखून केलेलं यंत्र, म्हणून त्या वेळी तिचं फार कौतुक झालं होतं.

आणि मागचं दार कुठंच ठेवलं नव्हतं. पासवर्ड नाही, चावी नाही, बनवणारीलासुद्धा ते उघडता येत नाही. “चावीच नसेल तर चोरणार काय?” व्यासपीठावर ती म्हणाली होती आणि टाळ्या पडल्या होत्या. जवळजवळ तीन वर्षांत एकही सायकल गेली नव्हती. या आसाशिवायची सायकल आता फाटकातून आत येत नव्हती, आणि मोटारगाड्यांना तर आधीपासूनच बंदी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा खट्ट झालं. ढोक्यांच्या वहीत दुसरी सही पडली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत विभागात कुणी नसताना तिनं स्वतःच्या सायकलीच्या जुन्या रेघा काढल्या. बाळंतपणानं शरीर बदलतं. कंबर, वजन, बसण्याची ढब. ते तसंच असणार होतं. पण तसं असतं तर दोन्ही उंचवटे बदलले असते.

उजवा जिथल्या तिथं होता. फक्त डावा खचला होता.

तिनं मागे जायला सुरुवात केली. माहेरी जाण्याच्या आदल्या आठवड्याची रेघ. त्याच्या आदल्या वर्षाची. त्याच्याही आधीची. पहिल्या रेघेत दोन्ही पाय जवळजवळ बरोबरीचे होते. मग डावा रोज केसाएवढा उतरत गेला होता, आणि रोज सायकलनं तो माफ केला होता. दोन वर्षं सायकल हे जाणत होती आणि बोलली नव्हती, कारण बोलायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मग हेमांगी आठ महिने माहेरी राहिली, रोजची माफी थांबली, आणि मधली घसरण एकदम एका पायरीसारखी समोर आली.

हेमांगीनं संगणकाचा पडदा बंद केला. पायातली चप्पल तिनं उगाच काढून पाहिली. डावीचा पुढचा काठ घासून पातळ झाला होता.

आईची चप्पलही अशीच झिजायची. घरात सगळे तिला वेंधळी म्हणायचे. उंबऱ्याला अडखळली की बाबा म्हणायचे, “तुझी आई हवेत चालते.” आई सगळ्यात जास्त हसायची. सात वर्षांनी ती खाटेवर होती आणि हेमांगी तिचे पाय उचलून उशीवर ठेवत होती. पायांपर्यंत जाणाऱ्या नसा हळूहळू विझत जातात, डॉक्टर म्हणाले होते. रक्तातून येतं. आईकडून मुलाबाळांकडे जाण्याची शक्यता अर्धी. नाणं उडवावं तशी.

हेमांगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नाणं हवेत आहे हे तिला माहीत होतं. इतकी वर्षं तिनं फक्त वर बघायचं टाळलं होतं.

आता तिसरी सही परवडणारी नव्हती.

तिसऱ्यांदा कुलूप लागलं की पुनर्नोंदणी. कमिटीसमोर सायकल चाक जागीच फिरेल अशा लोखंडी घोडीवर चढवायची, चाळीस फेरे मारायचे, रेघ भिंतीवर सगळ्यांना दिसणार. ओळखणाऱ्या दोघांनी सही करायची. आणि शेवटचं कलम: दोन पायांतला फरक मर्यादेबाहेर असेल तर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे. ते कलम कुलसचिव देवतळे सरांनी घातलं होतं, विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी म्हणून. सातव्या महिन्यात माहेरी निघायच्या गडबडीत हेमांगीनं त्यावर न वाचता सही केली होती. बाहेर रिक्षा उभी होती.

येत्या जूनमध्ये तिला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. आजारी माणसाला कुणी उघड काढत नाही. फक्त ‘कायम’ करायचं लांबतं, मग अजून लांबतं. क्वार्टर जातं, पाळणाघर जातं. पण खरं सांगायचं तर तिला सर्वांत जास्त भीती याची नव्हतीच. कागदावर एकदा नाव पडलं की ते फक्त तिचं राहणार नव्हतं. इवलीच्याही नावापुढं एक नाणं उडणार होतं.

क्वार्टरपासून पाळणाघर आणि तिथून विभाग, मिळून अडीच किलोमीटर. चालणं जमत नव्हतं. पाऊल लोंबायला लागायचं. सायकलवर मात्र पायडलच पाऊल फिरवून आणायचं. म्हणजे सायकल सोडता येत नव्हती, आणि सायकल तिला घेत नव्हती.

मग तिनं मोजायला सुरुवात केली.

एकोणचाळीस फेरे. पाय टेकायचा. मनात तीस आकडे. पुन्हा एकोणचाळीस. पहिला थांबा मोरीपाशी, दुसरा कडुनिंबाखाली, तिसरा पाण्याच्या टाकीजवळ. दर वेळी काहीतरी निमित्त हवं. इवलीची टोपी सारखी करायची, न आलेला फोन घ्यायचा, चप्पल झटकायची. टोपी सर्वांत बरी पडायची. टोपी सारखी करणाऱ्या आईला कुणी प्रश्न विचारत नाही.

“लेकरू सायकलवर लई त्रास देते का जी?” ढोके एकदा म्हणाले. स्टॅन्डवरून मोरी आणि कडुनिंब, दोन्ही दिसायचे.

“हो ना काका. सारखी टोपी काढते.”

“माह्या पोरीले पण टोपी आवडे नाही,” ढोके म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांची नजर तिच्या डाव्या पायावर पडली आणि लगेच दुसरीकडे गेली.

रविवारी नवऱ्याचा, प्रफुलचा, फोन आला. तो समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करायचा, महिन्यातून पाच दिवस घरी.

“सायकल चालवतेस ना? डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय.”

“चालवते. थांबत थांबत.”

“थांबत का? दमतेस?”

“नाही रे. इवलीला दोन दात आलेत. दाखवू?”

तिनं फोन इवलीसमोर धरला. इवली चटईवर उताणी पडून हवेत पाय मारत होती. उजवा, डावा, उजवा, डावा. हवेतली सायकल. प्रफुल पलीकडून खदाखदा हसत होता. हेमांगीच्या ओठांवर आकडे होते. उजवा किती, डावा किती. डावा एकदा कमी पडला का? की तो चटईत अडकला होता? आपण काय करतोय हे ध्यानात आलं तेव्हा तिनं दुपटं ओढून ते इवले पाय झाकले. इवलीनं एका लाथेत दुपटं उडवलं.

“वा रे पठ्ठी!” प्रफुल ओरडला. कोणत्या पायानं उडवलं ते हेमांगीनं पाहिलं नाही, असं तिनं ठरवलं.

मार्च लागला. ऊन चढलं तशी माणसं तोंडाला दुपट्टे गुंडाळून फिरू लागली. अशाच एका टळटळीत दुपारी ती टाकीच्या सावलीत थांबली होती. समोरून एकजण सायकलवर आला. तोंड बांधलेलं, डोक्यावर टोपी. कडुनिंबापाशी पोचला, पाय टेकला आणि थांबला. फोन नाही, कुणाशी बोलणं नाही. नुसता थांबला. मग त्यानं टोपी सारखी केली. तिच्यासारखीच, डाव्या हातानं, दोनदा.

अर्ध्या मिनिटानं तो पुढं निघाला. हेमांगी नकळत मोजत होती. अडतीस. एकोणचाळीस. तो थांबला. मागच्या कुंपणापाशी पोचायला त्याला अजून एकच थांबा लागणार होता, आणि त्या कुंपणाला कुठं भगदाड आहे ते सगळ्या सोनबर्डीला ठाऊक होतं.

ओरडायला तोंड उघडावं लागतं. तिनं उघडलं, आणि मिटलं. काय ओरडणार? ‘पकडा त्याला, तो माझ्यासारखी सायकल चालवतोय’?

कुणीतरी रोज तिला पाहत होतं. एक बाई एका ठरावीक अंतरावर का उतरते याचा त्यानं विचार केला होता. हुशार होता, तिच्या वर्गात असता तर तिला तो आवडला असता.

तीन आठवड्यांत अकरा सायकली गेल्या.

देवतळे सरांचा निरोप आला. पायठसा चुकवून सायकल चालवत नेता येते का, याचा दोन ओळींचा अहवाल द्यावा. सोबत आसांच्या नोंदी होत्या. अकरापैकी एकाही सायकलवर ‘अनोळखी’ची नोंद नव्हती. जी सायकल सलग चाळीस फेरे फिरलीच नाही, ती यंत्राच्या लेखी चालवलीच गेली नव्हती.

हेमांगीनं लिहिलं, ‘होय.’ पुसलं. ‘तपासावं लागेल.’ पुसलं. मोजणी पुसणारा तो अर्ध्या मिनिटाचा नियम काढला की चोरी संपत होती. सगळ्या आसांना एक निरोप पाठवायचा, एका दुपारचं काम. पण त्या दुपारनंतर ती स्वतः मोरीच्या पुढं जाऊ शकणार नव्हती. आणि नियम का काढला हे सांगायचं म्हटलं की मोरी, कडुनिंब, टाकी, सगळंच आलं.

पाळणाघर सुटायची वेळ झाली होती. तिनं लिहिलं: ‘चालवत नेणे अशक्य. सायकली उचलून नेल्या असाव्यात.’ आणि पाठवून दिलं.

एका ओळीनं काय होतं ते तिला चार दिवसांनी कळलं. उचलून न्यायची तर हातगाडी हवी, आणि मोडक्या सायकली वाहायची हातगाडी एकाच माणसाकडे होती. स्टॅन्डच्या मागच्या दाराची किल्लीही त्याच्याकडेच.

“हवा कमी हाये मागच्या चाकात,” ढोके म्हणाले. चौकशीचं पत्र त्यांच्या खिशातून डोकावत होतं. त्यांनी पंप लावला आणि हापसत राहिले. “चौदा मयने राहिले होते मॅडम रिटायरला. पोरगी म्हणते, बाबा, भांडू नका, सांगून टाका का नजर चुकली. आता नजर चुकली म्हणजे काय? अकरा वेळा चुकीन का?”

“काका...”

“तुमी उद्या कमिटीत हाये म्हणे. बरं वाटलं आयकून.” त्यांनी टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. “आपलं माणूस आत असलं का धीर येते.”

कमिटी म्हणजे देवतळे सर, विद्यापीठाच्या दवाखान्यातले डॉक्टर आणि तांत्रिक तज्ज्ञ म्हणून डॉक्टर हेमांगी तायडे. खोलीच्या कोपऱ्यात पुनर्नोंदणीची लोखंडी घोडी कायमची उभी असायची. ढोके खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“ढोके, डॉक्टर तायडेंचा अहवाल स्पष्ट आहे,” देवतळे सर म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त कागद आवडायचे. “सायकली चालवत गेलेल्या नाहीत. तुमच्याशिवाय हातगाडी कुणाकडे होती?”

“कोणाकडं नाही जी.”

“मग?”

“मग मले माहीत नाही.”

“बरं. गेल्या दोन महिन्यांत स्टॅन्डच्या आसपास काही वेगळं पाहिलंत? कुणी सायकल विचित्र वापरतंय, मध्येच थांबतंय, उगाच रेंगाळतंय? आठवून सांगा. तुमच्याच फायद्याचं आहे.”

ढोक्यांनी मान वर केली. त्यांनी हेमांगीकडे पाहिलं. फार वेळ नाही. मोरीवर टोपी सारखी करायला लागतो तेवढाच वेळ. त्या नजरेत सगळं होतं. मोरी, कडुनिंब, टाकी, लोंबणारं पाऊल. त्यांना सगळं माहीत होतं, आणि कधीपासून.

“नाही जी,” ढोके म्हणाले. “तसं काही पाह्यलं नाही.”

खोलीत पंखा फिरत होता. देवतळे सरांनी टोपण काढून पेन कागदावर टेकवलं.

“सर, अहवाल चुकीचा आहे,” हेमांगी म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे खोटा आहे. मी खोटा लिहिला. सायकली चालवतच गेल्या. कशा ते दाखवते. माझी सायकल बाहेर आहे.”

“डॉक्टर तायडे, तोंडी सांगितलंत तरी...”

“तोंडी मला सांगता येणार नाही सर. काका, जरा हात लावता?”

दोघांनी मिळून सायकल आत आणली, घोडीवर चढवली. ढोके घोडीचा स्क्रू आवळताना हळूच पुटपुटले, “कायले करता जी? लेकुरवाळ्या बाई तुमी. मी म्हातारा माणूस, माहं निभीन.”

“तुमचं निभेल काका. माझं निभायचं नाही,” ती म्हणाली आणि चढून बसली.

भिंतीवर रेघ उमटू लागली. पहिल्यांदा ती एकोणचाळीस फेरे मारून थांबली. मनात तीस मोजले. पडद्यावरचा आकडा पुसला जाऊन शून्य झाला. पुन्हा एकोणचाळीस, पुन्हा शून्य. “असं,” ती म्हणाली. “कुणीही, कुठंही. चोरानं हे माझं बघून उचललंय.”

“पण तुम्हाला स्वतःच्या सायकलवर असं करायची काय गरज?” देवतळे सरांनी विचारलं.

ती उत्तरादाखल पुन्हा फिरवू लागली. या वेळी थांबली नाही. भिंतीवर उंटाची पाठ दिसत होती; एक उंचवटा उंच, दुसरा बसका, खचलेला. डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. त्यांना ती रेघ वाचता येत होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

खट्ट.

‘अनोळखी स्वार. थांबा.’ खोलीभर लाल उजेड पडला.

“ही मीच आहे,” हेमांगी म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज बारीक निघाला. “माझ्या आईचंही असंच होतं.”

मग देवतळे सरांनी नेहमीच्या सवयीनं कागद शोधला, कारण कागदाशिवाय त्यांना काही सुचायचं नाही. पुनर्नोंदणीचा अर्ज. ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या.

ढोक्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं, “‘सदर व्यक्तीस मी ओळखतो.’ इथं काय लिवू जी? ‘केव्हापासून’ म्हणते.”

“जे असेल ते लिहा.”

“पयल्या वर्षाले होत्या मॅडम. चेन पडली होती, रडत उभ्या होत्या स्टॅन्डावर. तवापासून.” त्यांनी तेच, तसंच लिहिलं आणि सही ठोकली.

दुसरी सही देवतळे सरांनी केली. मग त्यांचं पेन खाली गेलं, शेवटच्या कलमापाशी घुटमळलं. त्यांनी हेमांगीकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली. त्यांनी चौकटीत खूण केली: वैद्यकीय मंडळाकडे.

ढोके सोमवारी पुन्हा स्टॅन्डवर बसले. अर्ध्या मिनिटाचा नियम हेमांगीनं स्वतःच्या हातानं काढून टाकला आणि चोऱ्या थांबल्या. पण डबलसीटही थांबलं. मध्येच कुणाला मागं बसवलं की सायकल अडून बसायची, त्यामुळे आता पायी चालणाऱ्यासाठी कुणी पाय टेकत नव्हतं. लोक हात हलवायचे आणि मोजणी न मोडता पुढं जायचे. एका भगदाडाच्या बदल्यात सोनबर्डीनं काय काय बुजवलं ते अहवालात लिहायला जागा नव्हती.

प्रफुलला तिनं फोनवर सगळं सांगितलं. मागं समुद्र ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “येतो. सुट्टी मागत नाही, सांगून येतो.” बाबांना अजून सांगायचं होतं. मंडळाची तारीख बारा एप्रिल. ते पत्र पर्समध्ये होतं, इवलीच्या लंगोटांच्या खाली.

सकाळी तिनं इवलीला झोळीत बांधलं आणि सायकलवर बसली. नवी रेघ आता सायकलीत होती, खचलेल्या उंचवट्यासकट. इथून पुढं सायकल पुन्हा रोज थोडं थोडं माफ करणार होती आणि रोज थोडं थोडं लिहूनही ठेवणार होती. तिच्यापासून लपवायला आता काही उरलं नव्हतं, आणि तिच्यापासून सुटायला वाटही नव्हती.

पस्तीस. छत्तीस. मोरी जवळ आली. अडतीस. एकोणचाळीस. सवयीनं डावा पाय जमिनीकडे निघाला.

“मारा मॅडम, मारा पायडल!” टिनाखालून ढोके उठून उभे राहिले होते. “थांबू नका!”

पाय पुन्हा पायडलावर पडला. चाळीस.

आवाज झाला नाही. एक्केचाळीस. बेचाळीस. कडुनिंब आला आणि मागं गेला. वारा लागला तशी इवली झोळीत जागी झाली आणि आनंदानं तिच्या पोटावर लाथा मारू लागली. एक पाय, मग दुसरा. एक, मग दुसरा.

हेमांगीनं समोर रस्त्याकडे पाहिलं आणि मोजलं नाही.